पहिल्या रविवारची पेटी

मित्रांनो, माझ्या तळाच्या कागदाखाली एक पत्र अकरा वर्षे पडून होते. त्याला कुणी उत्तर दिले नाही. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मला लिहिता कुठले येणार? तरीही त्यात थोडा दोष माझाही असावा, असे मला वाटत राहते.

दौंडच्या बाजारात इमामभाईंनी मला घडवले. रेल्वेत फिटर असलेल्या मच्छिंद्रने मला विकत घेतले आणि झाकणावर हिरव्या रंगाने आपल्या मुलीचे नाव रंगवले: सोजर. ती सात वर्षांची होती. तिची आई कस्तुराबाई नवऱ्यापासून वेगळी होऊन केंदूरला वडिलांकडे, भिमाजी आबांकडे राहत होती. कोर्टाने हुकूम दिला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला शिरूरच्या एस.टी. स्टँडवर मुलगी बापाकडे द्यायची. सोमवारी संध्याकाळी बापाने तिथेच परत आणायची. तिचे दोन परकर-पोलके घेऊन मीही जात असे.

"आबा, पोरगी वाळलेली दिसतीय," मच्छिंद्र म्हणे.

"तुमच्या कोळशाच्या धुरात न्हाई ना, पाव्हणं, म्हणून तशी दिसती," आबा उत्तर देत.

सोजर मात्र बापाच्या हातातून मला हिसकावून घेई. पेटी आपणच उचलायची, असा तिचा हट्ट होता. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

छप्पन सालच्या डिसेंबरात पहिला रविवार नेमका अमावास्येला आला. मी भरून उंबऱ्याशी तयार होते.

"अवसंला लेकरू गावाबाहेर काढत न्हाईत," आबा म्हणाले.

"आबा, कोर्टाचा हुकूम हाय," कस्तुराबाई म्हणाली.

"कोर्टाला काय ठावं अवस? पुढल्या महिन्यात जाईल."

आठवड्याने सोजरच्या नावाने पत्र आले. कस्तुराबाईने ते एकटीनेच वाचले. 'पोरी, चार वाजेपर्यंत स्टँडवर बसलो. तुला यायचं नसंल तर तसं समजंन. यायचं असंल तर एक ओळ टाक.' वकिलाने बजावले होते, काही लिहून द्यायचे नाही, ते कोर्टात दाखवतील. तिने पत्र माझ्या कागदाखाली सरकवले. मी ते झाकून ठेवले.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सोजर स्टँडवर माझ्यावर बसून होती. दौंडची प्रत्येक गाडी आली की ती उठे.

"आबा, ही तरी दौंडचीच ना?"

"व्हय. बस खाली."

फेब्रुवारीतही तसेच झाले. मार्चमध्ये मला कुणी भरलेच नाही. पुढे माझ्यात मिरच्या राहू लागल्या. नावाचा रंग उडाला.

सदुसष्ट साली सोजरचे लग्न ठरले. मला पुसताना तिने जुना कागद काढला आणि पत्र तिच्या हाती आले.

"मला वाटलं, पुढल्या महिन्यात त्यांना तोंडानंच सांगू," कस्तुराबाई म्हणाली.

मित्रांनो, पेटीला गंज लागला तर तो घासून काढता येतो. लेकराच्या नावाने आलेले पत्र मात्र त्याच दिवशी त्याच्या हाती द्या. मला एवढेच सांगता येते.

मच्छिंद्रची बदली होऊन सहा वर्षे झाली होती. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. दौंडच्या त्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आता दुसरे कुटुंब राहत होते. सोजरलाही ते माहीत होते. माझ्या झाकणावर कार्ड ठेवून तिने लिहिले, 'बाबा, मला यायचं होतं. त्या दिवशी अमावास्या होती.' खाली तिने त्याच क्वार्टरचा पत्ता घातला. सासरी निघताना शिरूरच्या स्टँडवर तिने मला खाली ठेवले आणि ते कार्ड टपालपेटीत टाकले.