मोजणारी

प्रणालीने उजव्या पायातल्या स्केटची लेस पुन्हा सोडली, ओढून घट्ट केली आणि गाठ मारायच्या आत पुन्हा ढिली केली. डावा पाय अजून चपलेतच होता. कडुनिंबाच्या पारावर एक पाय चाकांवर आणि एक जमिनीवर अशी ती बसली होती. समोरच्या सिमेंटच्या रिंकवर अकोल्याच्या मुली गोल फिरून अंग मोकळं करत होत्या. पारासमोरून जाताना प्रत्येकीची मान पलीकडे वळायची. पलीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, एक पत्र्याची टाकी तेवढी होती.

"अशी किती येळ बसनार हायेस?" आईने विचारलं.

"पायाले टोचून राहिलं."

"पायाले नाई टोचून राहिलं," आई म्हणाली आणि हातातला चहा संपवू लागली.

प्रणालीची आई, चंदा, अमरावती डेपोत कंडक्टर होती. आज तिला अकोल्याची गाडी होती, म्हणून लेकीलाही ती त्याच गाडीतून घेऊन आली होती. एसटी स्टँड मैदानाच्या भिंतीला लागूनच. ड्रायव्हर नाश्ता करेपर्यंत खाकी साडीतली चंदा खांद्याला बॅग अडकवून लेकीपाशी येऊन उभी राहिली होती, आणि लेकीची चुळबुळ बघून तिचा जीव वरखाली होत होता. तो तसा होतोय हे तिने जन्मात कबूल केलं नसतं.

"हे पाह्य," ती म्हणाली, "परीक्षा द्याची असन तं दे. नाई तं चाल माह्यासंगं. पन अशी मधातच लटकून नको राहू. मी डबल बेल मारली का मंग कोनासाठी थांबत नाई. पोटच्या पोरीसाठीबी नाई."

प्रणालीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

परीक्षा वर्षातून एकदा व्हायची आणि ती अकोल्यातच व्हायची. ती पास झाल्याशिवाय निवड चाचणीला उभं राहता येत नव्हतं, आणि पुढच्या वर्षी प्रणालीचं वय गटात बसणार नव्हतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. अमरावतीत एका मंगल कार्यालयाच्या फरशीवर, लग्न नसेल त्या दिवशी, ती एकटी सराव करत आली होती. तिथल्या चौकीदाराला वाटायचं, या पोरीला दुसरं काही काम नाही. खरं तर दुसरं काही तिला सुचतच नव्हतं.

पण आजचं रिंक म्हणजे तेच जुनं रिंक, अमरावतीला जाण्याआधी ती जिथे शिकली ते, आणि मुली त्याच जुन्या मुली. आरजू, जिच्या डब्यातल्या अर्ध्या खिम्यावर प्रणालीचा हक्क असायचा. आणि रश्मी.

या रिंकवर एक रीत होती. जिचा वाढदिवस, तिने जितकी वर्षं तितक्या फेऱ्या मारायच्या. बाकीच्यांनी रेषेपाशी हात वर करून उभं राहायचं आणि प्रत्येक फेरीला मोठ्याने आकडा म्हणायचा. शेवटचा आकडा झाला की सगळे हात एकदम खाली यायचे. केक वगैरे नंतर, असला तर. केक नसला तरी चालायचं, फेऱ्या चुकल्या तर मात्र मुली रडायच्या. प्रणालीचा वाढदिवस संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी यायचा, त्यामुळे तिच्या फेऱ्यांनंतर सगळ्यांना शिळे तिळगूळ मिळायचे आणि त्यावरून तिची वर्षभर चेष्टा चालायची.

दोन वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेच्या गावी, नेमका रिलेच्या दिवशी, रश्मीचा वाढदिवस आला. रश्मी कागदावर एका वर्षाने लहान होती. ते तिच्या बाबांनी आणि तेव्हाच्या सरांनी मिळून जमवलं होतं. मुलींना ठाऊक होतं, पण ठाऊक असलेलं सगळं बोलायचं नसतं हेही त्यांना ठाऊक होतं. सकाळी सरावाच्या वेळी सरांनी सगळ्यांना जवळ घेऊन हळूच सांगितलं, "आज चौदालाच थांबायचं."

चौदाला सगळे हात खाली आले. प्रणालीचा हात वरच राहिला. वेगात असलेली रश्मी आणखी एक वळण घेऊन हसत येत होती, वारा तिच्या बटा मागे उडवत होता, आणि प्रणाली जीव तोडून ओरडली, "पंधरा!"

मागे खुर्च्यांवर दोन पंच चहा पीत बसले होते, आणि वाढदिवसाची ही रीत त्यांनाही ठाऊक होती. त्यांनी कप खाली ठेवले.

दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. रिले गेली, सर गेले, रश्मीवर बंदी आली. आणि त्याच सकाळी प्रणालीला रिलेतून काढून राखीव ठेवलं होतं, एवढी एक गोष्ट मुलींना पुरेशी झाली. जळफळाटाने बोलली, सगळ्यांनी ठरवून टाकलं. प्रणालीने शपथा घेतल्या, तोंडातून निघून गेलं म्हणाली. कोणी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात आईची अमरावतीला बदली झाली तेव्हा मुली म्हणाल्या, पळाली.

आणि वाईट म्हणजे, कधी कधी प्रणालीलाही तो क्षण नीट आठवायचा नाही. ती भान विसरली होती, हे खरं. पण भान विसरण्याच्या तळाशी दुसरं काही होतं का, हे ती स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आत स्केट घालून मंगल कार्यालयात जायची. गेल्या महिन्यात तिचा सोळावा वाढदिवस झाला. त्या दिवशी तिने तिथे फेऱ्या सुरू केल्या, स्वतःच मोजत. चार-पाच झाल्यावर तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली आणि ती स्केट काढून घरी गेली.

"चला, इकडे या सगळ्या," परीक्षक मॅडमनी हाक मारली.

मॅडम नागपूरहून आल्या होत्या. त्यांना इथल्या कुणाचं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांशी सारख्याच कोरडेपणाने बोलत होत्या. "पंधरा फेऱ्या, ठरलेल्या वेळेत. मी पाय बघणार, फेऱ्या मोजणार नाही. प्रत्येकीने आपली मोजणारी निवडायची. ती मोठ्याने म्हणेल तो आकडा मी धरणार. मागाहून तक्रार चालणार नाही."

मुलींनी भराभर जोड्या केल्या. डोळ्यांनीच ठरलं सगळं. आरजू रश्मीची मोजणारी झाली. प्रणाली दोन्ही पायांत कसेबसे स्केट चढवून येईपर्यंत कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर पडला होता, आणि ती एकटी टाकीपाशी उभी होती.

"तुझी कोण?" मॅडमनी विचारलं.

आरजू हातातल्या बाटलीचं झाकण लावत राहिली, लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा.

"घरचं कोणी असेल तर तेही चालेल. तुझा नंबर शेवटून दुसरा आहे, तोवर बघ."

प्रणाली घसरतच पाराकडे गेली. आईने सगळं ऐकलं होतं.

"मी मोजलं असतं वं," चंदा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. "पन गाडीत लोकं बसून राहिले. ड्रायव्हर दोनदा हार्न वाजवून बसला." तिने लेकीच्या चपला उचलल्या, पिशवीत टाकायला की पुढे करायला हे न ठरवता हातात धरून ठेवल्या. "येतं का मंग?"

रिंकवर पहिली मुलगी सुटली होती. तिची मोजणारी जोरात आकडे म्हणत होती. प्रणाली ऐकत राहिली. मग दुसरी सुटली, मग तिसरी. प्रत्येक वेळी पंधरा म्हटलं गेलं की ती डोळे मिटून घ्यायची. कुणाचंही पंधरा असलं तरी ते आपल्याच तोंडचं आहे, असं तिला वाटायचं. तिने हात पुढे केला आणि आईच्या हातातून चपला घेतल्या. क्षणभर चंदाला वाटलं, पोरगी निघाली. प्रणालीने चपला पारावर ठेवल्या, एकीवर एक.

"तू जाय," ती म्हणाली.

"मोजन कोन?"

"पाह्यतो मी."

बॅग सावरत चंदा फाटकाकडे चालू लागली आणि फाटकापर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. ती मुद्दाम पाहत नव्हती, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

प्रणालीने रिंक ओलांडलं. सरळ मधून, सगळ्यांच्या देखत. रश्मी पायरीवर बसून स्केटची चाकं एकेक करून फिरवत होती, फिरवून कानाशी नेत होती. बंदी उठल्यावर तिचीही ही पहिलीच परीक्षा होती. ती उंच झाली होती. केस कापले होते.

आरजूला विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती, जुन्या खिम्याला जागून. पण तसलं हो घेऊन पळण्यात अर्थ नव्हता.

"माह्या फेऱ्या मोजशीन?" प्रणालीने विचारलं.

आरजू अर्धवट उठली. "प्रणाली, तू पागल हाय का? इले कायले विचारून राहिली?"

रश्मीने चाक थांबेपर्यंत वाट पाहिली. मग मान वर केली.

"कितीपर्यंत?"

एवढंच विचारलं तिने. आवाजही चढवला नाही. पण प्रणालीच्या कानशिलांना आग लागली. पंधरा फेऱ्या आहेत हे तिथल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. रश्मीला तो आकडा प्रणालीच्या तोंडून ऐकायचा होता. प्रणालीला वाटलं, अजूनही धावत गेलं तर गाडी सापडेल.

"पंधरा," ती म्हणाली.

प्रणालीचा नंबर आला तशी रश्मी उठली, रेषेपाशी गेली आणि तिने हात वर केला.

मॅडमची शिट्टी झाली. प्रणाली सुटली. पहिल्या वळणावर तिचा पाय थोडा लटपटला, दुसऱ्यावर सावरला. "एक," रश्मी म्हणाली. "दोन." आवाज सपाट होता, त्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. प्रणालीला मनातल्या मनात मोजायचं नव्हतं, तरी ती मोजत होती. एक आकडा रश्मीने गिळला असता तर काय करायचं होतं? एक जास्तीची फेरी, वेळ गेली, संपलं. तक्रार चालणार नव्हती. दोन वर्षांचा हिशेब एका श्वासात चुकता करता आला असता आणि जगात कुणालाही कळलं नसतं.

सातव्या फेरीला फाटकाबाहेर लाल रंग दिसला. गाडी स्टँडवरून निघून फाटकासमोर आली आणि काही कारण नसताना तिथे रेंगाळली. मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. गाडी तरी हलेना. प्रणाली वळण घेऊन पुन्हा समोर आली तेव्हा डबल बेल ऐकू आली आणि लाल रंग पुढे सरकला.

"बारा." छाती भात्यासारखी चालली होती. "तेरा." मांड्या जड झाल्या होत्या. "चौदा."

चौदानंतरचं वळण तिला फार लांब वाटलं. रेषेवर रश्मी उभी होती, हात वर, ओठ मिटलेले. प्रणालीने डोळे खाली घातले आणि स्वतःला पुढे ढकललं. रेषा चाकांखालून गेली.

"पंधरा," रश्मी म्हणाली. इतक्या जोरात की टाकीवरची कबुतरं उडाली.

मॅडमनी घड्याळ बघितलं, समाधानाने मान हलवली. प्रणालीने कंबर सरळ केली आणि चाकं आपोआप जातील तिकडे जाऊ दिली. डोळ्यांपुढे पांढरं पांढरं होत होतं. पलीकडच्या वळणावरून तिने रेषेकडे पाहिलं तर रश्मीचा हात अजून वरच होता.

"झाल्या ना पंधरा?" मॅडम म्हणाल्या. "हात खाली घे आता."

"परीक्षेच्या झाल्या, मॅडम," रश्मी म्हणाली. "हिची एक राह्यली हाय."

"कसली?"

रश्मीने हात तसाच ताठ धरला. आरजूच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिने रश्मीकडे पाहिलं, मग प्रणालीकडे, आणि मनाशी काहीतरी जुळवल्यासारखी भुवई उचलली.

प्रणालीला आधी कळलं नाही. चाकं जवळजवळ थांबली होती. मग तिला तिळगूळ आठवले. तिने पाय उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. ना धड वेग होता, ना ढंग. मॅडमनी एवढं वाईट वळण त्या दिवशी पाहिलं नसेल. अर्धं रिंक ती तशीच आली, नाक पुसत, आणि रेषा ओलांडली.

"सोळा," रश्मी म्हणाली आणि तिने हात खाली घेतला.

मग ती पायरीवर बसून स्वतःच्या लेस बांधू लागली. शेवटचा नंबर तिचाच होता. आरजू रेषेकडे निघाली तशी रश्मीने मान वर न करता तिला थांबवलं.

"तू बस, आरजू. प्रणाली मोजन माह्या."

प्रणाली धापा टाकत रेषेपाशी जाऊन उभी राहिली. रश्मीने गाठ मारली, एकदा ओढून पाहिली आणि उठली. जवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"आज कुठं थांबाचं, ठाऊक हाय ना?"

प्रणालीने हात वर केला.