हात पोचेल अशी गाडी

पाचव्या गाडीलाही मी नाक मुरडलं तेव्हा मुलाने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, तू चपला घ्यायलासुद्धा इतका वेळ लावत नाहीस."

"चपला मी एकटी घालते," मी म्हटलं. "ही दोघांची आहे."

शोरूममधली मुलगी बिचारी हसली. गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले, सकाळपासून आमच्यामागे फिरून पाय दुखले असणार तिचे. पण तोंडातली साखर काही कमी झाली नव्हती. "काकू, ही बसून तर बघा. सीट नाही, सोफा आहे सोफा! मागे पाठ टेकायला गादी, पाय ठेवायला रुंद पाट, खड्ड्यात गेली तरी पोटातलं पाणी हलणार नाही."

मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमची स्कूटर अकरा वर्षांची. तिची मागची सीट आता नावालाच सीट, बाकी फळीच. आणि माझी कंबर म्हणजे काय सांगावं! वीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात मान खाली घालून कॉलरी लावल्या, मणक्याने शेवटी हात टेकले. रोज सकाळी गाडीवरून उतरले की मिनिटभर मी कारखान्याच्या फाटकाला धरून उभी राहते. लोकांना वाटतं पर्समध्ये काही शोधतेय. गेल्या महिन्यात मुलाने ते बघितलं आणि हट्टच धरला. रोज शहरातून जाण्यायेण्यासाठी आरामाची गाडी घ्यायची म्हणजे घ्यायची. फोनमध्ये यादी करून आणली होती त्याने. सीटची उंची किती, वजन किती, मागच्या चाकाचा धक्का किती बसतो. अभ्यासात एवढं डोकं चालवलं असतं तर!

पण त्या यादीत माझी अट नव्हती, कारण ती मी कोणाला सांगितली नव्हती. ह्यांनासुद्धा नाही.

मी सोफ्यावर बसले. हे पुढे बसले. खरं सांगते, सुख म्हणजे काय ते कमरेला कळलं. पाठ टेकली तशी माझ्या तोंडून 'आई गं' निघालं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. मग मी काही सहज केल्यासारखं दाखवत ह्यांच्या डाव्या खांद्याकडे हात नेला. चार बोटं कमी पडला. पोचायचं तर पाठ सोडून पुढे वाकावं लागत होतं, आणि वाकणं तर मला जमतच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"नको," मी उतरत म्हटलं. "रंग डोळ्यावर येतो."

"काकू, सहा रंगांत आहे."

"सहाही येतील."

मुलगा पाठ फिरवून पाणी प्यायला गेला. हे नुसते आरशावर बोट फिरवत बसले.

आता खरं सांगायलाच हवं. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. काचबिंदू आहे, डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्याला थेंब घालून जेवढं उरलंय तेवढं टिकवू. आणि गाडी बंद करा. हे "बरं" म्हणाले. मीही "बरं" म्हटलं. जिना उतरून खाली आलो, ह्यांनी खिशातून किल्ली काढली, मी मागे बसले आणि आम्ही घरी आलो. वाटेत एक अक्षर नाही. घरीही नाही. मुलाला सांगितलं, डोळ्याला थेंब दिलेत.

दुसऱ्या दिवशी चौकात डावीकडून सायकलवाला आला आणि ह्यांचा वेग कमी होईना. माझा हात आपोआप डाव्या खांद्यावर पडला. गाडी लगेच थांबली. त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. एक थाप म्हणजे डावीकडून कोणी येतंय, दोन थापा म्हणजे थांबा. कोणी कोणाला शिकवलं नाही. मी पुढचा रस्ता बघत बसायची आणि ते माझा हात वाचायचे. माझी कंबर ठणकायची, पण हात खांद्यावरून हलायचा नाही.

का नाही बोलले मी? बोलले असते तर ह्यांची गाडी सुटली असती. तीस वर्षं छापखान्यात यंत्र चालवलेला माणूस. पोरं येता-जाता 'उस्ताद' म्हणतात. घरात बल्ब बदलायलासुद्धा दुसऱ्याला हात लावू देत नाही. त्याला काय सांगू, आता बसमध्ये दांडा धरून उभे राहा म्हणून? आणि माझा स्वार्थही होताच, तो का लपवू? बसने मी एक आठवडा जाऊन बघितलं होतं. दोन बस बदलायच्या, पाऊण तास उभं राहायचं, वर ते गचके. आठवड्याअखेर तीन दिवस अंथरुणातून उठता येईना. कारखान्यात मुकादमीण म्हणाली, असं होत राहिलं तर कॉलरला दुसरी बाई बसवावी लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणायचं आणि गाडीवर बसायचं.

पण दोन महिन्यांपूर्वी मला शिंक आली. एवढंच, एक शिंक. तेवढ्यात डावीकडच्या गल्लीतून दप्तर घेतलेली एक मुलगी आली. थाप पडेपर्यंत चाक तिच्या बुटाजवळ पोचलं होतं. तिची पाण्याची बाटली पडली, ती मी उचलून दिली. "थँक्यू काकू," म्हणाली पोर आणि पळाली. त्या दिवशी माझ्या हातून सगळ्या कॉलरी उलट्या लागल्या.

आणि मला सोडल्यावर हे पुढे एकटे जायचे, त्याचं काय? छापखाना आणखी दोन मोठे चौक ओलांडून. मागे मी नाही, खांद्यावर हात नाही. हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. 'पोचलो' असा निरोप फोनवर येईपर्यंत मी यंत्राला पाय लावायची नाही. तो यायलाही उशीर व्हायचा. शिरल्या शिरल्या कामाला लागतो, मग फोन कधी बघू, असं म्हणायचे. संध्याकाळीही रोज वीस मिनिटं उशीर. मी फाटकाशी उभी राहून कावायची, "छापखान्यावरचं प्रेम उतू चाललंय का?" ते म्हणायचे, "बस आता." रोज धडधाकट यायचे म्हणून मी देवाचे आभार मानायची आणि गप्प बसायची.

तर शोरूममध्ये मुलगा परत आला तो ठरवूनच. "बाबा, हिच्या नादी लागाल तर संध्याकाळ होईल. तुम्हीच ही चालवून बघा आणि घेऊन टाकू."

मी म्हटलं, "मी बसते मागे."

"नाही काकू," मुलगी म्हणाली, "पहिली फेरी चालवणाऱ्याने एकट्याने मारायची, आमचा नियम आहे. काका आले की मग तुम्ही बसा." आणि तिने किल्ली ह्यांच्या हातात ठेवली.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण मुलगा फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागला होता, शेजारी एक नवराबायको गाडी बघता बघता आमचा तमाशाही बघत होते, आणि ती मुलगी हेल्मेट पुढे करून उभी होती. "बघतो," म्हणाले हे. बसले. गाडी सुरू झाली, आवाजसुद्धा नाही मेलीला. उतारावरून हळूहळू फाटकाकडे निघाली.

मी काचेच्या आत. माझा हात उगाचच वर आला, हवेतच. फाटकाबाहेर भर दुपारचा वाहता रस्ता. फुटपाथवरून डाव्या बाजूने एक बाई बाबागाडी ढकलत येत होती, एका हाताने बाळाच्या तोंडावरचं ऊन अडवत. फाटकापासून दहा पावलं, मग सात. ह्यांची मान सरळ पुढे.

मी दार ढकलून ओरडले. कसं ओरडले ते मला माहीत नाही, तसं मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. "थांबवा त्यांना! अरे कोणीतरी थांबवा! त्यांना दिसत नाही हो! डोळ्यांनी दिसत नाही त्यांना!"

सगळं शोरूम वळलं. फाटकावरचा माणूस हात पसरून आडवा धावला.

आणि मग मला दिसलं की गाडी उभीच होती. फाटकाच्या चांगली आत, कठड्याशी. ह्यांनी दोन्ही पाय जमिनीला टेकले होते आणि किल्लीही फिरवून बंद केली होती. बाबागाडीवाली बाई समोरून निघून गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही.

हे उतरले. गाडी हाताने ढकलत वर आणली, एवढी जड गाडी, आणि कोणाला हात लावू दिला नाही. मुलीच्या हातात किल्ली दिली. "छान आहे गाडी," म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू, रागवायचं सोडून समजूत काढल्यासारखे बोलले, "मी बाहेर जाणारच नव्हतो गं. तिथूनच वळणार होतो. तू मागे नसलीस तर मी रस्त्यावर जातच नाही."

"मग छापखान्यात?"

"बसने. तुला सोडलं की तुमच्या कारखान्याच्या मागेच गाडी लावतो. संध्याकाळी बसने येतो, गाडी काढतो आणि फाटकाशी येतो. आठ महिने झाले."

आठ महिने ह्या माणसाने मला पत्ता लागू दिला नाही. केवळ माझ्या कमरेसाठी तो अर्ध्या डोळ्याने गाडी चालवत होता, आणि मी त्याच्या मानासाठी मागे बसत होते. आणि तो मान मीच भर दुपारी चार लोकांत मातीत घातला. तेही काही कारण नसताना! जीभ छाटून टाकावीशी वाटली मला.

"काय दिसत नाही?" मुलगा विचारत होता. फोन अजून हातात तसाच. "बाबा, काय म्हणतेय ही?"

ह्यांनीच सांगितलं. खाली न बघता सांगितलं, "डावा डोळा गेलाय. उजव्याचं निम्मं उरलंय." मुलाचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "आणि तुम्ही आईला मागे बसवून रोज..." ती शोरूमची मुलगी पाण्याचे दोन पेले घेऊन आली आणि कोणाला द्यावे ते न कळून उभी राहिली.

मग मुलाने हात पुढे केला. "बाबा, किल्ली द्या. आपल्या गाडीची."

घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच ती होती. कडी घट्ट, ह्यांची नखं कापलेली, निघता निघेना. मुलगा हात तसाच धरून उभा. मी पुढे झाले नाही. पुढे व्हायला मला तोंड कुठे होतं? बऱ्याच वेळाने किल्ली सुटली, ह्यांनी ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि बाकीचं जुडगं खिशात टाकलं.

मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत. पण ते माझ्याकडेच वळले. चेहरा काळजीने एवढासा झाला होता.

"अगं," म्हणाले, "मग उद्या तू कशी जाशील?"