चर्चमागच्या चढणीवरचे लोखंडी पत्रे

बुधवार, ८ जानेवारी २०२५, सकाळचे सव्वाआठ. बाहेर उणे नऊ अंश, आणि आमच्या किर्कमॉर्न गावच्या हॉलमागील शेडमध्ये मिठाच्या अकरा गोण्या. त्यांतली एक ढकलगाडीत ओतून मी चर्चमागच्या चढणीकडे निघालो होतो.

पूर्वी हे काम जिल्ह्याच्या कौन्सिलचे असे. बर्फ वितळावा म्हणून मुख्य रस्त्यावर तिचा ट्रक मीठ टाकून जाई आणि मागून एक छोटी गाडी पायवाटांवर येई. मग एडिनबराच्या सरकारी अर्थसंकल्पात जिल्ह्यांना मिळणारी रक्कम महागाईच्या मागे पडली. कौन्सिलने शाळा राखल्या, वृद्धांची देखभाल राखली आणि उरलेल्यावर कात्री चालवली. त्यात छोटी गाडी गेली. ऑक्टोबरात गोण्या गावात उतरल्या, आणि पसरायचे ते तुम्हीच पसरा असा निरोप आला. कागद कारखान्याच्या बॉयलरवर फावडे मारण्यात माझी उमर गेली असल्यामुळे ढकलगाडी माझ्याकडे आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी हिंडायला कारण मिळाले.

चढणीच्या माथ्यावर ग्रिझेल रेनी एकटी राहते. वय चौऱ्याऐंशी. दर बुधवारी हॉलमध्ये वीसेक माणसे एकत्र जेवतात, त्यांच्यासाठी जव आणि लीक नावाच्या कांद्याच्या जाड पातीचे सूप तीच करते. मागच्या हिवाळ्यात, छोटी गाडी बंद झाल्यावर, चढणीवरच्या बर्फामुळे ती सलग तीन आठवडे घरात अडकली. तेव्हा तिच्या मुलीने, एल्स्पेथने, स्पष्ट सांगितले होते की पुन्हा असे झाले तर घर विकायचे आणि जिल्ह्याच्या गावी, लिफ्टच्या इमारतीत राहायला यायचे. या शनिवारी एल्स्पेथ स्वतः पाहायला येणार होती.

पायथ्याशी दुगल ॲफ्लेकने मला अडवले. दुगल प्लंबर आहे आणि आमच्या कर्लिंग मंडळाचा अध्यक्ष. बर्फावरून गोल दगड सरकवायचा आणि झाडू मारत त्याच्यापुढे पळायचे, हा आमचा खेळ. गावच्या तळ्यावर तो खेळण्याइतका जाड बर्फ चौदा वर्षांनी धरला होता आणि शनिवारी शेजारच्या डनलॅरिग गावाशी सामना ठरला होता. दुगलचे म्हणणे असे की चढणीवर मीठ टाकले तर दुपारच्या उन्हात खारे पाणी थेट तळ्यात उतरेल आणि काठाचा बर्फ जाईल. त्याचे म्हणणे बरोबर होते. चढणीचा उतार तळ्याकडेच आहे. माझेही बरोबर होते. शनिवारपर्यंत थांबलो असतो, तर एल्स्पेथला आई घरात कोंडलेलीच दिसली असती.

रस्ता ग्रिझेलचा, तेव्हा निर्णयही तिनेच करावा, असे ठरवून आम्ही चर्चची भिंत धरत वर गेलो. ती कोट चढवून, कापलेल्या भाज्यांचे पातेले पुढ्यात घेऊन दारातच बसली होती. दुगलने टोपी काढली, सारे सांगितले आणि शेवटी सुचवले की मंडळाची पोरे तिला रोज घसरगाडीवर बसवून खाली नेतील.

ग्रिझेलने त्याला नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "दुगल, तुझ्या बापाला मी शाळेत नाक पुसायला शिकवलं. मला बटाट्याच्या पोत्यासारखं ओढत नेणार होय रे तू?"

"तसं नाही हो, मिसेस रेनी."

"तसंच आहे. आणि एल्स्पेथ ते बघेल, म्हणजे झालंच. दुसऱ्या दिवशी घराला विकाऊची पाटी लागेल."

मी राखेचा विचार मांडला. शेगड्यांची राख पसरली तर पाय ठरतो आणि बर्फही वितळत नाही. दुगलने मान हलवली. वाऱ्याने राख तळ्यावर गेली, तर दगड सरकायचा नाही. हेही त्याचे बरोबर होते, आणि मला थोडा रागच आला.

ग्रिझेल पातेल्याच्या झाकणावर बोटे वाजवत होती. "मला एक सांग," ती दुगलला म्हणाली. "एवढाले दगड फेकता, तेव्हा तुम्ही स्वतः कसे उभे राहता? पडत का नाही?"

"पायाखाली पट्टी असते ना. पूर्वी लोखंडी पत्रा असायचा. खालून खिळे, वरून खरखरीत..." दुगल बोलता बोलता थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

हे जुने लोखंडी पत्रे हातभर रुंद आणि दीड-दोन हात लांब. मंडळाने आता रबरी पट्ट्या घेतल्या असल्या, तरी पत्रे कोणी टाकून दिले नव्हते. चौदा निघाले. डनलॅरिगकडून आणखी सहा मागवले. त्यांनी ते दिले, वर विचारले की किर्कमॉर्नकर आता डोंगरावर खेळणार का. मी ग्रिझेलची पावले मोजून खुणा केल्या, कारण माझ्या ढांगेने लावलेले पत्रे तिच्या काय कामाचे? मंडळाच्या माणसांनी पत्र्यांचे खिळे बर्फात ठोकून ते बसवले आणि चर्चच्या भिंतीलगत दोर बांधला. त्या दिवशी सूप दुपारी दोनला मिळाले. उशिराबद्दल बोलणारे बोललेच, पण वाटी कोणी परत केली नाही.

शनिवारी एल्स्पेथ आली तेव्हा तळ्याकाठी दोन्ही गावे जमली होती. ती चढणीखाली उभी राहून पाहत असताना ग्रिझेल एका हाताने दोर धरून, पत्र्यामागून पत्रा ओलांडत, आपल्या चालीने खाली आली. एल्स्पेथचे दोन्ही हात सावरण्यासाठी अर्धवट पुढे झाले होते. ते तिने खिशात घातले.

एल्स्पेथ कौन्सिलच्याच हिशेब विभागात आहे, आणि गावात ते कोण विसरणार? बाकावर बसल्यावर आईनेच विषय काढला.

"काय गं, माझा रस्ता तूच खोडलास ना?"

"मी नाही खोडला, आई. मी नुसती बेरीज केली." मग ती खालच्या आवाजात सांगू लागली. एडिनबराहून आकडा ठरूनच येतो. शाळा आणि वृद्धांची देखभाल वजा केली की मूठभर उरते, आणि त्यात रस्ते, वाचनालये, सार्वजनिक शौचालये, सगळे. "तू माझ्या जागी असतीस तर काय कापलं असतंस?"

ग्रिझेलने तळ्याकडे पाहिले. डनलॅरिगचा दगड आमच्या दगडाला ढकलून मधोमध थांबला. पलीकडे ओरडा झाला.

"शाळेचं नसतं कापलं," ती म्हणाली. "बहुतेक माझाच रस्ता कापला असता. पण आधी येऊन बघितलं असतं."

दुगलने दिलेले सूप एल्स्पेथने संपवले, पुन्हा मागितले, आणि निघण्याआधी पत्र्यांवरून एकदा वर जाऊन खाली आली. तिचे शहरी बूट दोनदा घसरले. दोर होता म्हणून निभावले. इमारतीचा, लिफ्टचा विषय तिने काढला नाही. पुढच्या सोमवारी मला तिचा फोन आला, पत्र्यांची मापे विचारायला. जिल्ह्यात अशा आणखी चढणी आहेत म्हणे.

सामना आम्ही हरलो. पत्रे मार्चअखेरपर्यंत जागेवर राहिले.

त्या हिवाळ्यात ग्रिझेल रेनी बर्फामुळे घरात अडकून राहिली ते दिवस: दोन.