डाव्या अंगाची चाकं

तिनं लाकडी हातोडीनं चाकाच्या कडेवर हलकेच ठोका दिला आणि कान पुढे केला. चाक खणखणीत बोललं. नाद पत्र्याच्या छपराशी जाऊन घुटमळला, खाली उतरला आणि विरला.

“पास?” स्टुलावर बसलेल्या मास्तरांनी विचारलं.

“पास. आत कुठे तडा नाही. पण वरून बघा, उंदरांनी कुरतडल्यासारखं झालंय.”

गाड्यांच्या अलॉय चाकांना नवं रूप द्यायचं, हे तिचं काम. जुना रंग सोलायचा, खड्डे वेल्डिंगनं भरायचे, पावडरचा रंग भट्टीत भाजायचा आणि शेवटी लेथवर चढवून चाकाच्या तोंडावरची पातळ कात काढायची. त्या कातीखालून जी झळाळी निघे, ती बघत गिऱ्हाईक चहा गार होईपर्यंत उभं राही. फुटपाथला घासलेलं चाक तिच्याकडून परत गेलं, की घासलं कुठे होतं ते मालकालाही सांगता येत नसे. हात फिरलाय हे कळू न देणं, हीच तिच्या हाताची ओळख.

वीस वर्षांपूर्वी मास्तरांनी तिला गाडी शिकवली होती. तेव्हा तिच्याकडे लर्निंग लायसन्स होतं, म्हणून तिचं नावच ‘लर्निंग’ पडलं. आता तिच्या कानशिलावर पांढरं आलं, तरी मास्तरांच्या तोंडी नाव तेच.

“बोल लर्निंग, काय घेणार?”

“एका चाकाचे साडेतीन हजार. डावीकडची दोन्ही, म्हणजे सात.”

“मास्तरांना काही सूट?”

“परीक्षेला पाठवताना मला दिली होतीत सूट? तीनदा मागे ठेवलंत. मान वळवत नाही म्हणून.”

“मग आता वळवतेस ना?” मास्तर खुशीत हसले. “आरसा अर्धंच सांगतो. उरलेलं मानेला विचारायचं.”

हे वाक्य त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी खांद्यावर हाणून कितीतरी जणांकडून पाठ करून घेतलं होतं.

तिनं चाकाच्या कडेची जाडी मोजली. पुन्हा मोजली.

“मास्तर, आठ महिन्यांतली ही तिसरी खेप. लेथवर दरवेळी थोडा धातू जातो. ही एक कात निघेल, पुढच्या वेळी नाही. चाकाचा कागद होईल.”

“पुढची वेळ येतेय कशाला? हल्ली फुटपाथच रस्त्यात घुसलेत, त्याला मी काय करू!” मग ते आवाज उतरवून म्हणाले, “सोमवारपासून नातीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे आलंय. लेक म्हणाली, आधी गाडी बघते, मग हो म्हणते. आणि ती कशी बघते ठाऊक आहे ना? गाडीभोवती एक फेरी. मीच लावलेली खोड. एक ओरखडा दिसला की माझं लायसन्स घरच्या घरी रद्द.”

“दिसणार नाही,” ती म्हणाली. या बाबतीत तिला विचार करावा लागत नसे.

मास्तर डावीकडची चाकं काढलेली गाडी तिथेच लोखंडी स्टँडवर सोडून, हात हलवत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग सोलताना तिचा हात मधेच थांबला. चाकांवरचे ओरखडे तिला हस्ताक्षरासारखे वाचता येत. चुकून घासलेल्या गाडीचा ओरखडा तुटका असतो. चर्रकन आवाज येतो, चालवणारा दचकतो, गाडी बाहेर काढतो. हा मात्र चाकाला पुरता वेढा घालून गेला होता. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. उजवीकडच्या चाकांना नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

वय झालं, अंदाज हुकतो, असं म्हणून तिनं लेथ सुरू केला. चाक गरगरलं, पात्याखालून जरीसारखी तार सुटून पायाशी वेटोळं घालून पडली. आणि धातू असा उजळला, की ओरखड्यांचा विचार तिच्या मनातून पुसला गेला. तिला गुणगुणावंसं वाटलं, आणि ती गुणगुणली.

शनिवारी दुपारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. चाकं चढली होती. त्यांनी वाकून आपलं तोंड चाकात बघितलं, मिशीवरून हात फिरवला.

“लर्निंग, तू जादूगार आहेस. नातीनं पुढची सीट आत्ताच अडवून ठेवलीय. बाहुलीला मागे बसवणार म्हणे.”

“चारी चाकांची मधली झाकणंपण चमकवलीत, ती फुकट. तेवढी बसवली की गाडी तुमची.”

तिनं चार वाटोळी झाकणं मास्तरांसमोर मेजावर ओळीनं मांडली. मास्तर बोटानं मोजू लागले.

“एक, दोन, तीन. चौथं कुठं हरवलंस?”

ती हसली. मास्तरांची थट्टा तिला नवी नव्हती. पण ते हसले नाहीत. मेजावर ऊन पडलं होतं आणि चौथं झाकण त्यांच्या डाव्या मनगटाशी आरशासारखं लखलखत होतं. मास्तर समोर बघत होते, उजवीकडे बघत होते, मेजाखाली वाकून बघत होते.

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. चाकाचा तो वेढा आठवला. आणि पुढच्या सीटवरची, डावीकडची, नात.

“मास्तर,” ती हळूच म्हणाली, “मान वळवा.”

मास्तर थबकले. मग त्यांनी सावकाश डावीकडे मान वळवली. झाकण दिसलं. त्यांनी ते उचललं नाही, नुसतं बोट ठेवलं.

भट्टी गार होताना पत्रा कडकड वाजत होता.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“एकदम नाही गं झालं. कडेकडेनं मिटत आलं. मला वाटायचं, डावा आरसा धुरकटलाय. रोज सकाळी पुसायचो.”

“डॉक्टरना दाखवलंत?”

“दाखवलं तर ते सांगणार ना!”

तिनं गाडीकडे पाहिलं. चाकं अशी उजळली होती, की लेकीनं सात फेऱ्या मारल्या तरी तिला काही सापडलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या कामात एखादा डाग राहायला हवा होता.

“मी तीनदा ती चाकं पुसली, मास्तर,” ती म्हणाली. “तुम्ही आरसा पुसलात, मी चाकं.”

मास्तरांनी सात हजार मोजून मेजावर ठेवले. मग खिशातून किल्ली काढली आणि पैशांवर ठेवली.

“परीक्षेला कधी पाठवायचं, ते मास्तरनं ठरवायचं असतं,” ते म्हणाले. “आणि कधी मागे ठेवायचं तेही. चल. चालव तू.”

“कुठं?”

“लेकीकडे. सोमवारची वाट कशाला बघायची? फेरी मारून तिला काही दिसणार नाही. तोंडानंच सांगावं लागेल.”

निघण्याआधी तिनं झाकणं बसवली आणि गाडीभोवती फेरी मारली. मास्तर नजरेनं तिच्यामागून फिरत होते, ती डावीकडे आली तेव्हा मान वळवून. मग ते डाव्या सीटवर बसले, शिकवायच्या गाडीत वर्षानुवर्षं बसत आले तसे. फक्त या गाडीत त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता.

गाडी फाटकातून रस्त्याच्या तोंडाशी आली. मास्तरांचा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला. तिनं तो पाहिला. आरशात बघितलं, आणि मग मान पुरती वळवून त्यांच्यापलीकडे पाहिलं.

“डावीकडून एक सायकल येतेय,” ती म्हणाली. “जाऊ दे तिला.”

सायकल गेली.

“आता मोकळं आहे.”

मास्तरांनी पाय उचलला.