चौदा नंबरचा डिटेक्टर

माझा बाप चोरून लवंगेच्या सिगारेटी ओढायचा, आणि हे मला कुणी सांगायची गरज नसे. माझा लॅपटॉपच चहाडी करायचा. मलांग शहरातल्या ज्या वृद्धाश्रमात बाबा राहतात, तिथली आगीची सूचना देणारी यंत्रणा मीच तपासते. खोल्याखोल्यांतले डिटेक्टर एकाच वायरीच्या फेऱ्यात जोडलेले, प्रत्येकाला आपला नंबर. लॅपटॉप पॅनेलला जोडला की प्रोग्राम एकेकाची हजेरी घेतो आणि कोण आतून किती काजळलाय ते दाखवतो. सगळे बरे असायचे, चौदा नंबर तेवढा काळाकुट्ट. चौदा नंबरची खोली बाबांची.

गेल्या खेपेला संचालिका हार्तिनीबाईंनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा धूर सापडला तर वडिलांना घेऊन जा."

नेऊ कुठे? मी सदा परगावच्या साइटवर, कंपनीच्या खोलीत चौघींमधली एक. माझं डोकंच फिरलं. बाबांना म्हटलं, "पुन्हा ओढलीत ना, तर मी यायचीच नाही. बसा मग त्या धुराशी गप्पा मारत."

ते हसले. "कार्टे, तुझी आईपण जन्मभर हेच म्हणत होती."

आज पुन्हा पॅनेलसमोर बसले. हार्तिनीबाई पाठीशी उभ्या. नंबर सरकत गेले. बारा, तेरा, चौदा. गेल्या खेपेला मी पुसून ठेवला होता तसाच. स्वच्छ. मी पुन्हा तपासलं, तरी स्वच्छच.

"सुटलात बाई तुम्ही," हार्तिनीबाई म्हणाल्या. "हल्ली जरा विसरतात मात्र तुमचे बाबा."

"माझा बाप सोयीचं तेवढंच विसरतो," मी म्हटलं. खरंच, इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

धूर दिल्यावर डिटेक्टर बोंबलतो का, तेही बघावं लागतं. लांब काठी, तिच्या टोकाला खोट्या धुराचा डबा आणि बाबांसाठी तळलेल्या टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, पुडी घेऊन मी चौदा नंबरमध्ये शिरले. बाबा पलंगावर बसले होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

"काय हो, सुधारलात म्हणे," म्हणत मी काठी छताकडे नेली.

ते धडपडत उठले. "अहो ताई, नका. इथं धूर नका करू. माझी पोरगी तपासायला येते. तिच्या मशीनमध्ये सगळं दिसतं. पुन्हा धूर दिसला तर यायचीच नाही म्हणालीय."

"बाबा, मीच ती. विनार्ती."

"हां, विनार्तीच." त्यांचा चेहरा खुलला. "तुम्ही ओळखता तिला?"

मी काठी भिंतीला टेकवली.

"उभ्या का? बसा," ते सरकून म्हणाले. "येईलच ती एवढ्यात."

मी बसले. पुडी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी टेंपेचा एक तुकडा उचलला आणि पुडी पुन्हा नीट बांधली.

"बाकीचं तिच्यासाठी राहू दे," ते म्हणाले. "तिला आवडतं."