गप्प राहण्याची मुदत

धुक्यामुळे नानगान बेटावरून तैपेईला जाणारं विमान रद्द झालं, तेव्हा सभेला जमणाऱ्या बऱ्याच जणांना मनातून बरंच वाटलं. त्साओ यूए-ह्वा आता काही येत नाही. विमान नाही म्हणजे बोटीत दहा तास, आणि एका सभेसाठी एवढे हाल कोण काढतं? यूए-ह्वा काढते. शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ती तैपेईतल्या चहाच्या दुकानाच्या माडीवर उभी होती. पिशवीतले तीळ लावलेले खारे पाव तिने टेबलावर ओतले.

"खा. रिकाम्या पोटी माणसं काहीही ठराव करतात," ती म्हणाली.

माडीवर तिच्यासकट एकवीस जण होते. त्यांच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक हिशेबाच्या साखळीवर, दर सहा सेकंदांनी व्यवहारांचा नवा गठ्ठा जोडला जायचा आणि तो खरा असल्याची सही या एकवीस जणांची यंत्रं करायची. यूए-ह्वाचं यंत्र तिच्या नणंदेच्या शेवयांच्या दुकानामागच्या खोलीत होतं. बेटावरच्या दोनशे घरांनी तिच्यावर भरवसा ठेवून आपली अनामत त्या यंत्रामागे लावली होती. यंत्र ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिलं, की त्या अनामतीला कात्री लागणार आणि यंत्र यादीतून बाहेर. आजवर ही मुदत बारा तास होती. त्यांच्यातल्याच को शाओ-छीला ती दहा मिनिटांवर आणायची होती.

गेल्या हिवाळ्यात कुठल्याशा जहाजाच्या नांगराने समुद्रातली तार तोडली आणि बेट नऊ तास जगापासून तुटलं. त्या नऊ तासांत यूए-ह्वाने दोन्ही हातांची सगळी नखं कुरतडून संपवली होती. मुदत बारा तासांची होती म्हणून ती वाचली. दहा मिनिटांची झाली, तर पुढच्या नांगराला ती संपली.

"ताई, राग मानू नका," को म्हणाला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, स्वतःच्या कंपनीची यंत्रं शहरातल्या मोठ्या, थंडगार इमारतीत. "पण जो कामाला येत नाही त्याला ठेवायचं कशाला?"

"राग आलाय, तेव्हा तो मानणारच. पुढे बोल."

"तुमचं यंत्र नऊ तास गायब होतं. आमचं वर्षभरात दहा मिनिटंही नाही."

"तुझ्या त्या इमारतीत इथल्या तेरा जणांची यंत्रं आहेत. तिथली वीज गेली, की अख्खी साखळी ठप्प. मग सही करायला मी आणि माझी नणंद, शेवया वळत बसलेल्या!"

माडी हसली. को हसला नाही.

अध्यक्ष फान काका शेंगा सोलत होते. भांडण आलं की त्यांना नेहमी मधली वाट सुचते आणि ती नेहमी यूए-ह्वाच्याच अंगणातून जाते. "हे बघ पोरी, तुझ्या किल्लीची एक नक्कल इथल्या दुसऱ्या यंत्रावर ठेव. बेट गप्प झालं की हे सही करेल. कोणाला कळणारही नाही."

"सगळेच ठेवतात," को म्हणाला.

यूए-ह्वाचं डोकं सणकलं. सहीची गुप्त किल्ली प्रत्येकाला एकच. एका किल्लीने दोन यंत्रांनी एकाच गठ्ठ्यावर वेगवेगळ्या सह्या केल्या, तर ती लबाडी धरली जाते आणि त्या किल्लीला कायमचं हाकललं जातं. तिथे ना माफी, ना अपील.

"काका, गप्प बसलेला माणूस आणि दोन तोंडांनी बोलणारा माणूस तुम्हाला सारखेच वाटतात? दहा मिनिटांची तलवार टांगून तुम्ही गप्प बसणाऱ्याला लबाडीच्या तोंडी देताय."

"मिनिटांना घाबरायचं काय त्यात?" को म्हणाला. "मला यंत्र परत उठवायला तीन पुरतात."

"मग कर बंद. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. आणि ये परत."

वीस जणांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या. माघार घेणं शक्यच नव्हतं. कोने लॅपटॉप उघडून यंत्र थांबवलं आणि लगेच परत सुरू केलं. तीन मिनिटं झाली. पाच झाली. अचानक थांबवलेलं यंत्र आपली जुनी नोंद पहिल्यापासून तपासत बसलं होतं. आठव्या मिनिटाला कोच्या कपाळावर घाम आला. त्याने ऑफिसात फोन लावला.

"सर, दुसरं यंत्र चालू करू?" पलीकडून त्याच्या सहकारी बाईंनी विचारलं.

"कर, लगेच क..."

यूए-ह्वाने त्याच्या हातातला फोन ओढला. "अगं बाई, हात लावू नकोस त्याला! पहिलं मेलेलं नाही, उठतंय!"

"ताई, फोन द्या! दहा मिनिटं होतायत!"

"होऊ देत. बस खाली."

तिचा आवाज असा होता की तो बसला. अकराव्या मिनिटाला पहिलं यंत्र आपलं आपण जागं झालं आणि पडद्यावर त्याची सही उमटली. दुसरं चालू असतं तर त्याच किल्लीने, त्याच गठ्ठ्यावर त्याचीही वेगळी सही पडली असती. कोच्या ते लक्षात आलं आणि तो पांढराफटक पडला. कंपनी, तिथली वीस माणसं, सगळं एका क्षणात गेलं असतं. यूए-ह्वाने फोन परत दिला आणि एक पाव त्याच्यापुढे सरकवला. हा माणूस तिला मुळीच आवडत नव्हता, तरीही.

मग को घसा खाकरून म्हणाला, "शेवटी झालं तर काहीच नाही. साखळी चालूच होती."

"तेच म्हणतेय मी! तू अकरा मिनिटं गप्प होतास, काही झालं नाही. मी नऊ तास गप्प होते, तेव्हाही काही झालं नाही. काका, हे सभेच्या वृत्तांतात लिहा, त्याच्या नावासकट."

फान काकांनी लिहिलं. मग त्यांनी दहा मिनिटांच्या ठरावाला हात वर करायला सांगितलं. चार हात वर गेले. कोचा हात टेबलाखालीच राहिला.

"बरं, एक तास ठेवू," तो हळूच म्हणाला. "तोडगा म्हणून."

"बारा."

"तीन तास, ताई. तुमचं आमचं दोघांचं राहील."

"तार तुटली की बेटाला दुसरी वाट मिळायला नऊ तास लागतात. समुद्राला जाऊन सांग तुझे तीन."

"सहा?" फान काका म्हणाले.

यूए-ह्वाने खुर्ची ओढली, चहा ओतून घेतला आणि सकाळपासून पहिल्यांदा टेकून बसली. परतीची बोट उद्या होती. तिला कसलीच घाई नव्हती.

"बारा," ती म्हणाली.