कोमट पाण्याचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि उद्या दुपारनंतर तीही राहणार नाही. चाकणला आबाजींच्या कांद्याच्या वखारीमागे मी उभी आहे. माझी चाके एका बैलगाडीला जाणार आहेत, गादी आबाजींच्या ओसरीवर, आणि उरलेले लोखंड भंगारात. त्याआधी माझी हकीकत सांगते.

१९२८ साली मुंबईच्या बंदरावर माझे भाग लाकडी पेट्यांतून उतरले. डोक्यावर कापडी टप, पुढे दोन मोठे दिवे, आणि सुरू होण्यासाठी नाकात हँडल. पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला दहा वर्षे वापरले व आबाजींना विकले. तेव्हापासून माझ्या स्टिअरिंगवर एकाच माणसाचे हात राहिले. त्याचे नाव ज्योतीराम.

ज्योतीराम चौथीपर्यंतच शिकला होता, पण माझ्या पोटात काय चालते ते त्याला नेमके ठाऊक होते. पेट्रोल जळते, इंजिन तापते, ती उष्णता पाणी वाहून नेते. ते पाणी पुढच्या रेडिएटरच्या जाळीत वाऱ्याने निवते आणि परत फिरते. पाणी आटले की लोखंड भलतेच तापते. अशा लोखंडावर एकदम गार पाणी पडले, तर पाणी लागलेली बाजू आधी आक्रसते, दुसरी मागे राहते, आणि मध्ये तडा जातो. म्हणून मी तापले की ज्योतीराम मला अर्धा तास निवू देई. मगच पाणी घाली, तेही आधी त्यात बोटे बुडवून.

आसपासच्या गावांत नवऱ्या पोचवायला मलाच बोलावत. वेशीवर आले की बैलांच्या पायांवर घालतात तसे बायका माझ्या चाकांवर पाणी घालत. ज्योतीराम शेजारी उभा राहून बजावी, "पायावर घाला, आजी. तोंडाला लावू नका, ती भाजलेली हाय." सगळ्या हसत. मला फार मान वाटे.

१९५५ च्या वैशाखात आबाजींची मुलगी कुसुम हिचे लग्न झाले. सासर तळवड्याचे. तोवर मी खूप थकले होते. ही माझी शेवटची वरात, असे ठरलेच होते. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. तिथे ड्रायव्हर हवा होता, आणि आबाजी ज्योतीरामसाठी शब्द टाकणार होते. "वरात पोचव, सोमवारी तुला घेऊन जातो," ते म्हणाले होते.

मोशीला इंद्रायणी ओलांडून आम्ही चिखलीच्या गाडीवाटेला लागलो. फुफाट्यातून मी बैलाच्या चालीने निघाले. वारा नाही, वर ऊन. चिखलीच्या पुढे रेडिएटरमधून वाफ फुसफुसू लागली.

"अर्धा तास थांबू, दत्तोबा," ज्योतीराम म्हणाला. दत्तोबा म्हणजे कुसुमचे सासरे.

"दिस मावळायच्या आत सून उंबऱ्याच्या आत पायजे. हाकला, राव! मोटार हाय का म्हस, पान्यात बसवायला?"

वऱ्हाडी खो खो हसले. ज्योतीरामने मला पुढे काढले. मित्रांनो, तिथे तो थांबला असता तर!

तळवड्याच्या वेशीवर मी पोचले तेव्हा जवळजवळ कोरडी होते. ज्योतीरामने इंजिन बंद केले. फडक्याने धरून रेडिएटरचे झाकण उघडले, वाफ जाऊ दिली, आणि तो मागची ट्रंक उतरवायला गेला. तेवढ्यात नवरदेवाची आजी गोजाबाई विहिरीची भरली घागर घेऊन आली. तिने चाकांवर पाणी घातले. मग माझ्या तोंडातून निघणारी वाफ पाहून तिचा जीव कळवळला.

"अगं बया, किती तहानलीया! माझ्या नातसुनेला आणलंस, घे, पी."

तिने उरलेली अर्धी घागर माझ्या घशात ओतली.

टण्ण! एकच आवाज झाला. इंजिनाला वरपासून खालपर्यंत भेग पडली.

ज्योतीराम धावत आला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "नवरी उतरायच्या आत गाडीनं जीव सोडला." "पोरीचा पाय पांढरा दिसतोय, बाई." माझ्या काचेमागे बसलेल्या कुसुमने घागर पाहिली होती. पण नवी नवरी बोलणार कशी? पहिल्याच पावलाला आजेसासूचे नाव घेतले असते, तर ते तिला जन्मभर ऐकावे लागले असते.

ज्योतीरामने घागरीकडे पाहिले, मग काचेकडे. आणि डोक्याची टोपी काढली.

"कुनाचा पाय न्हाई न् काय न्हाई. भेग चिखलीलाच पडली व्हती. मी पानी भरायचं इसरलो आन् लपवून आनली. चूक माझी हाय."

सतरा वर्षांत तो पाणी भरायला एकदाही विसरला नव्हता. हे मला माहीत आहे, पण मला वाचा नाही.

आबाजी मागच्या बैलगाडीतून पोचवायला आले होते. त्यांनी वेशीवरच त्याला सुनावले, "तुझ्या हातात आता मी बैलगाडीबी देनार न्हाई." सोमवार आला आणि गेला. त्याच कारखान्याच्या नव्या भिंतींवर ज्योतीराम आज विटा वाहतो. मला बैलांनी ओढत चाकणला आणले. इथे माझ्या टपात कोंबड्यांनी अंडी घातली आणि दिव्यांत गांधीलमाश्यांनी घर केले.

आज माझे बोल्ट खोलायला ज्योतीराम स्वतः आला आहे. दुसऱ्या कोणी हातोडा घातलेला त्याला चालणार नव्हता. कुसुमही माहेरी आली आहे. ती तांब्या घेऊन वखारीमागे आली.

"ज्योतीरामदादा, मी आज आबांना खरं काय ते सांगते. आता मला कोन काय बोलत न्हाई तिथं."

"गोजाबाई कशी हाय?"

"डोळ्यांनी कमी दिसतं. माझा हात धरूनच चालती."

"मग तिचा हात धरा, ताई. ती हाय तवर ऱ्हाऊ द्या."

कुसुम माझ्या पुढ्यात वाकली. मग तिने तांब्यात बोटे बुडवून पाहिली आणि माझ्या चारही चाकांवर थोडे थोडे पाणी घातले.

"कोमट केलंय," ती म्हणाली.

"आता ती गारच हाय, ताई. कसलंबी चाललं असतं."

"मला न्हाई चाललं असतं."

ज्योतीरामने पाना खाली ठेवला आणि तोंड फिरवले.

मित्रांनो, मला मारले ते मायेच्या पाण्याने, म्हणून माझा गोजाबाईवर राग नाही. एवढेच मागते. कोणी तापून, थकून तुमच्या दारी आले, तर लगेच घागर ओतू नका. आधी त्याला निवू द्या. पाण्यात आपली बोटे बुडवून पाहा. आणि ज्याने तुमच्यासाठी चूक अंगावर घेतली, त्याच्या पायांवरही कधीतरी पाणी घाला. माझ्या चाकांवरचे पाणी आता वाळत आले आहे. ज्योतीरामने पाना पुन्हा हातात घेतला आहे.